नानांचा धूर

दिवाळीच्या पहाटे आमच्या घरी बंब पेटवण्याचा मान नानांचा. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. घरात बायका होत्या, सुना होत्या, गडीमाणसे होती. पण नरकचतुर्दशीला त्या तांब्याच्या बंबाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. नाना पहाटे चारला उठत, कानाला मफलर गुंडाळीत आणि बंबाच्या नळीत एकेक गोवरी, एकेक ढलपी अशा काही बेताने सोडीत की पाणी कढत होई, पण धुराची रेघ म्हणून दिसत नसे. एखाद्या पोराने मध्येच ओले सरपण खुपसले आणि भपकन धूर निघाला की नाना ओरडत, "धूर कोणी केला? वरून कॅप्टन विचारतोय!"

कॅप्टन कोण आणि वर म्हणजे कुठे, हे नव्या सुनांना कळत नसे. त्यांना कोणीतरी सांगे, की नाना बोटीवर होते. मग आणखी कोणीतरी सांगे, की नानांनी इंग्रजी सिनेमात काम केले आहे. ही दुसरी गोष्ट ऐकून सुना नानांकडे पाहत. मफलर, धोतर, हातात चिमटा. कोणाचाच विश्वास बसत नसे, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती. तो सिनेमा आम्ही साऱ्यांनी पाहिला होता, आणि त्यात नाना कोठेही दिसत नाहीत.

आम्ही रांजणगावचे. अष्टविनायकांतल्या महागणपतीचे रांजणगाव, पुण्याहून नगरला जाताना पन्नासेक किलोमीटरवर लागते ते. आता तेथे एमआयडीसी आली आहे, मोठमोठे कारखाने आले आहेत. पण माझ्या लहानपणी ते बाजरी-ज्वारीचे, आभाळाकडे पाहून जगणारे गाव होते. गावाच्या नावातच रांजण. पाणी हा आमच्याकडे रांजणात मावणारा आणि पेल्यापेल्याने मोजायचा पदार्थ. घोड नदी आणि भीमा या दोन्ही नद्या आमच्या तालुक्याच्या. पण उन्हाळ्यात त्यांच्या पात्रातून बैलगाडी नेताना बैलांचे खूरसुद्धा धड भिजत नसत. अशा गावातला मुलगा आरमारात जाईल हे महागणपतीच्याही ध्यानीमनी नसावे.

समुद्र म्हणजे काय हे गावाला ठाऊक होते ते तंबूतल्या सिनेमामुळे. भाद्रपदातल्या यात्रेला तंबू यायचा, आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, पोरवयात त्यात प्रभातचा 'अमरज्योती' पाहिला होता. १९३६ सालचा हा हिंदी बोलपट. शांतारामबापूंनी काढलेला. दुर्गाबाई खोटे त्यात चाच्यांची राणी सौदामिनी झाल्या होत्या, आणि चंद्रमोहन मोठाले डोळे वटारून दुर्जय झाला होता. सौदामिनी त्याचा पाय तोडवते तेव्हा तंबूतल्या बायकांनी पदर डोळ्यांवर घेतले होते, असे दादा सांगत. गलबते, शिडे, तलवारी, खजिन्याची पेटी. आमच्या गावाचे समुद्राविषयीचे ज्ञान ते एवढे. पुढे कोणीतरी पुण्याहून बातमी आणली की तो सिनेमा पुण्याच्या प्रभात कंपनीत झालेला आहे. तेव्हा गावाला आपण फसवले गेलो असे वाटले. पुण्याला समुद्र कुठला?

नाना आरमारात भरती झाले तेव्हा हाच प्रश्न दुसऱ्यांदा उठला. मॅट्रिकला गणितात गटांगळी खाल्लेला हा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पुण्याला गेला, भरती होऊन परत आला, आणि म्हणाला, "मला लोणावळ्याच्या 'शिवाजी'वर पाठवणार आहेत." नौदलात किनाऱ्यावरच्या शाळेलाही जहाजाप्रमाणेच नाव देतात, आय.एन.एस. शिवाजी ही त्यांची यंत्रांचे शिक्षण देणारी शाळा लोणावळ्याच्या डोंगरात आहे. हे समजावता समजावता दादांच्या तोंडाला फेस आला. गावाने सरळ ठरवले, की हा पोरगा लोणावळ्याला कुठल्यातरी चिक्कीच्या दुकानात लागला आहे.

पण आमच्या आजोबांना मात्र अभिमान होता. आजोबांना घरात सगळेच आप्पा म्हणत. बेचाळीसच्या चळवळीत आप्पा येरवड्याला काही महिने राहून आले होते. तिरंगा घेऊन मिरवणुकीत पुढे होते, एवढाच त्यांचा गुन्हा. मामलेदार कचेरीवरचा झेंडा उतरवायला निघाले होते, असे पोलिसांचे म्हणणे. तुरुंगातून आल्यावर त्यांनी डोक्यावरची खादीची टोपी आंघोळीखेरीज कधी काढली नाही. स्वराज्य आले आणि आपला मुलगा स्वराज्याच्या आरमारात गेला, हा त्यांच्या दृष्टीने सरळ हिशेब होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "आमचा धाकटा कान्होजी आंगऱ्यांच्या खात्यात आहे."

नानांना बोट मिळाली ती 'दिल्ली'. आय.एन.एस. दिल्ली. स्वतंत्र भारताच्या नौदलाची पहिली क्रूझर. सहा इंची तोफांची ही बोट १९४८ साली आपल्याकडे आली. त्याच १९४८ च्या १ जूनला पहिली एस.टी. पुण्याहून नगरला गेली ती आमच्याच रस्त्याने, आणि त्याच साली मी जन्मलो. तेव्हा ती बोट, ती एस.टी. आणि मी अशी आम्ही एका वयाची तिघे भावंडे आहोत असे मला लहानपणी वाटे. एस.टी. मला रोज दिसायची. बोट दिसायची नाही. नाना रजेवर आले की त्यांच्या अंगाला तेलाचा एक वास असे, तोच माझ्या लेखी बोटीचा वास.

नाना स्टोकर होते. आजी विचारायची, "म्हंजे काय करतोस रं?" नाना म्हणत, "चूल सांभाळतो." यात विनोद थोडा आणि खरे बरेच होते. 'दिल्ली'च्या बॉयलरांना कोळसा लागत नसे, तेल लागे. ते तेल तापवून बारीक तुषारांनी भट्टीत सोडायचे, आणि त्याला पंख्यांनी हवा पुरवायची. ती सारी खोलीच दाबलेल्या हवेने भरलेली असे; आत शिरताना दोन दारे, आणि पहिले लावून घेतल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. कानाला दडे बसत. डोळे सारखे काट्यांवर. वाफ इतकी पाहिजे, पाणी इतके पाहिजे, आणि धूर मुळीच नको. हवा कमी झाली की काळा धूर, हवा जास्त झाली की पांढरा. समुद्रात बोट दिसायच्या आधी तिचा धूर दिसतो, आणि लढाईत तो शत्रूलाही दिसतो. म्हणून नळकांड्यातून धूर निघाला रे निघाला की वरून विचारणा व्हायची आणि खालचा माणूस बोलणी खायचा.

मग एकदा माल्टाहून नानांचे पत्र आले. त्यात खुशालीच्या खाली दोन ओळी होत्या. आमच्या बोटीचा सिनेमा निघतो आहे. इंग्रज कंपनी आहे.

पत्र गावभर फिरले. ज्याला वाचता येत होते त्याने वाचले, ज्याला येत नव्हते त्याने हातात धरून पाहिले. नाना रजेवर आले तेव्हा स्वागताला वेशीपर्यंत पोरे गेली. रात्री आमच्या ओट्यावर कंदील लावून सभा भरली, आणि नाना मध्ये बसून सांगू लागले. ती रात्र मला अजून दिसते. मी दादांच्या मांडीला टेकून बसलो होतो आणि आप्पा खांबाला पाठ लावून, डोळे मिटून ऐकत होते.

गोष्ट अशी होती. आपली 'दिल्ली' ही पूर्वी 'दिल्ली' नव्हती. विलायतेत बांधलेल्या या बोटीचे जन्मनाव 'अकिलीज', आणि दुसऱ्या महायुद्धात ती न्यूझीलंडची म्हणून लढली होती. १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, प्लेट नदीच्या मुखापाशी, 'अ‍ॅजॅक्स', 'एक्झेटर' आणि ही 'अकिलीज' अशा तीन बोटींनी 'ग्राफ श्पे' नावाची जर्मनांची भारी बोट गाठली. जर्मन बोटीच्या तोफा अकरा इंची. या तिघींच्या सहा इंची, फार तर आठ इंची. एखाद्या वळूला तीन कालवडींनी घेरावे तसे झाले. 'एक्झेटर'ची दशा झाली, माणसे गेली. पण जर्मन बोटही जखमी होऊन मॉन्टेव्हिडिओच्या बंदरात शिरली. चार दिवसांनी तिच्या कप्तानाने ती बाहेर काढली, आपल्याच हाताने सुरुंग लावून बुडवली, आणि पुढे दोन-तीन दिवसांत स्वतःला गोळी घालून घेतली.

या लढाईवर मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर या जोडीने रंगीत, भव्य चित्रपट काढायचा घाट घातला होता: 'द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट'. त्यांना पडद्यावर खऱ्या बोटी हव्या होत्या. आरमारी लढाईचे सिनेमे बहुधा हौदात खेळण्यातल्या बोटी सोडून काढतात. या सिनेमातही शेवटचा स्फोट दाखवायला तसा नमुना वापरावाच लागला. पण समुद्रावरची धावपळ खरीच पाहिजे हा त्यांचा हट्ट. भूमध्य समुद्रात माल्टाच्या आसपास इंग्रजांच्या बोटी होत्याच. त्यांतली 'शेफील्ड' झाली 'अ‍ॅजॅक्स', 'जमेका' झाली 'एक्झेटर'. जर्मन बोट तर समुद्राच्या तळाशी. मग तिचे काम कोणी करायचे? अमेरिकन आरमाराची 'सेलम' नावाची क्रूझर त्या कामाला मिळाली.

"म्हंजे आमेरिकेनं जर्मनाचं सोंग घेतलं?" कोणीतरी विचारले.

"घेतलं."

"आन् ओळखू न्हाई आलं?"

नाना हसले. ओळखू येण्यासारखेच होते. जर्मन बोटीला तोफांचे बुरूज दोन, पुढे एक अन् मागे एक, 'सेलम'ला तीन. शिवाय तिच्या नाळेवर १३९ हा अमेरिकन आकडा रंगवलेला, तो सिनेमातही तसाच दिसतो. पण गावाला याचे काही वाटले नाही. मिशा काढून लुगडे नेसलेला नाच्या तमाशात राधा म्हणून चालतो, तर तोफांच्या एका बुरुजाने काय बिघडते?

"आन् आपली बोट कोण झाली व्हती?"

"आपली बोट आपणच झाली व्हती," नाना म्हणाले. "सोळा वरसांमागं ती जी व्हती, ती."

या उत्तराने ओट्यावर क्षणभर सगळे गप्प झाले. सोंग घ्यायचे तर दुसऱ्याचे घ्यायचे; स्वतःचेच सोंग घ्यायचे म्हणजे काय हे गावाला उमगेना. लढाईत असलेल्यांपैकी ती एकटीच स्वतःच्या नावाने सिनेमात उतरली होती. 'कंबरलँड' नावाची दुसरी एक बोटही आपलेच काम करत होती, पण ती खऱ्या लढाईत पोचली तीच मुळी लढाई आटपल्यावर.

मग नानांनी सिनेमा कसा काढतात ते सांगितले. सांगितले म्हणजे काय, त्यांनी तरी कुठे पाहिले होते? वरच्या खलाशांकडून ऐकलेले. कॅमेरा दुसऱ्या बोटीवर. उन्हाची तिरीप पाहिजे त्या बाजूने आली पाहिजे. नटाला 'पुन्हा एकदा कर' म्हटले की तो दोन पावले मागे जाऊन पुन्हा येतो. बोटीला पुन्हा करायला सांगितले तर ती मैल मैल वळसा घेते, आणि शेजारच्या दोघींनाही वळावे लागते, आणि तेवढ्यात ढग येतो. खाली मात्र एवढेच कळायचे की वेग वाढवा, वेग कमी करा, पुन्हा वाढवा. प्रत्येक हुकुमाला तेल कमीजास्त, पाणी कमीजास्त. वरचे लोक म्हणत, आज लढाई फार छान झाली. खालच्यांना ती चार तासांची ड्यूटी असे, आणि अंगातून पाण्याचे पाट.

"पर एक मजा झाली," नाना म्हणाले. "वरून हुकूम आला, धूर करा! आजवर धुरापायी शिव्या खाल्ल्या. आन् हितं म्हणत्यात, आणखी करा, काळा करा. लढाईत धुराचा पडदा करून बोट आत लपती, तसा पाहिजे व्हता. आम्ही हवा कमी केली आन् तेल सोडलं. असला धूर काढला म्हणता!"

सगळे हसले. आजी म्हणाली, "मेल्या, हितं माझ्या चुलीला म्हंतोस धूर करू नको."

तेवढ्यात आप्पांनी डोळे उघडले. त्या साऱ्या रात्रीत त्यांनी विचारलेला हा एकच प्रश्न.

"बोटीवर झेंडा कोन्ता व्हता?"

नाना थांबले. कंदिलाची काच कोणीतरी उगीचच पुसली.

"आप्पा, आम्ही खाली असतो. खाली झेंडा दिसत न्हाई. काटा दिसतो."

"इंग्रजाच्या लढाईचा शिनेमा. इंग्रजाच्या बोटीचं सोंग. मंग झेंडा कोन्ता आसंल?"

नाना काही बोलले नाहीत.

"आपल्या घरावर कोन्ता झेंडा हाय ते ज्याला ठाव न्हाई, त्यानं घर राखायच्या गोष्टी सांगू न्हाईत," आप्पा म्हणाले, आणि उठून गोठ्याकडे गेले.

सभा मोडली. नानांची रजा अजून आठ दिवस होती. त्या आठ दिवसांत आप्पा नानांशी बोलले नाहीत. म्हणजे 'जेवलास का' इतकेदेखील नाही. नाना पहाटेच्या एस.टी.ने गेले तेव्हा आप्पा विहिरीवर मोट जुंपून बसले होते. त्या दिवसांत विहिरीला पाणी नव्हते, मोट ओढायचे काही कारण नव्हते. मी पाहिले आहे म्हणून सांगतो.

त्यानंतरची पत्रे नाना दादांच्या नावाने पाठवू लागले. आजी त्यांतली खुशाली आप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात भिंतीला सांगे. वर्ष दीड वर्ष असे चालले होते. 'कान्होजी आंगऱ्यांचे खाते' हे शब्द आप्पांच्या तोंडून पुन्हा ऐकू आले नाहीत.

चित्रपट विलायतेत १९५६ च्या ऑक्टोबरात निघाला. पुण्याला कॅम्पातल्या एका थिएटरात तो लागल्याचे दादांना पुढे कधीतरी कळले. आजीने हट्ट धरला. तिला तिचा मुलगा पाहायचा होता. दादा, आई, आजी, मी, आणि शेजारची दोन माणसे असे ठरले. निघायच्या सकाळी आप्पा टोपी नीट बसवून एस.टी.च्या थांब्यावर आधीच उभे होते. कोणी काही विचारले नाही. दादांनी एक तिकीट जास्त काढले.

थिएटरात आमच्याइतके विचित्र प्रेक्षक त्या दिवशी दुसरे नसावेत. आजूबाजूला सूटबूटवाले, पारशी मंडळी, लष्करातले अधिकारी. आणि मधल्या रांगेत नऊवारी लुगडे, खादीची टोपी, आणि भाकरीचे गाठोडे. सिनेमा इंग्रजी. दादा अर्थ सांगत, तर मागून 'श्श' होई. अर्थाचे एवढे अडत नव्हते म्हणा. पडद्यावरचा निळा समुद्र आमच्या साऱ्या शिवारापेक्षा मोठा होता, आणि त्यावरून बोटी अशा कापीत जात होत्या की मी खुर्चीची कड घट्ट धरली होती.

आजी मात्र समुद्र पाहत नव्हती. ती माणसे पाहत होती. पडद्यावर खलाशी दिसला की ती विचारी, "ह्यो का?" दादा म्हणत, "न्हाई." पुन्हा दुसरा खलाशी. "मंग ह्यो का?" सगळे गोरे. 'अकिलीज'वरचे म्हणून जे चेहरे दाखवले तेही गोरेच. गोष्ट न्यूझीलंडवाल्यांची, तिथे रांजणगावचा चेहरा कसा चालणार? हे दादांना कळत होते, आजीला कसे सांगावे हे कळत नव्हते. तिच्या 'ह्यो का'तला जोर कमी कमी होत गेला. शेवटी ती म्हणाली, "ह्यात माझा कुनीच न्हाई," आणि पदराने तोंड पुसले.

आप्पा झेंडे पाहत होते. प्रत्येक बोटीच्या मागे पांढऱ्यावर तांबडा क्रूस आणि कोपऱ्यात युनियन जॅक असा झेंडा फडफडत होता. त्यांचा जबडा हलत होता तेवढे मला अंधारात दिसले.

आणि मग लढाई चालू असताना दादा एकदम म्हणाले, "ही आपली! ही आपली बोट!" बोट वळत होती आणि तिच्या नळकांड्यातून धूर निघत होता. काळा, दाट, वाऱ्यावर लोळणारा, वळवाचे ढग उठावेत तसा.

"आन् त्यो कुठं हाय?" आजीने विचारले.

"खाली."

"खाली म्हंजे?"

"त्या धुराच्या बुडाशी," दादा म्हणाले. "त्यो धूर त्येनं केलाय."

मागून पुन्हा 'श्श' झाले. आजीने ते ऐकलेच नाही. तिने दोन्ही हात पडद्याकडे केले, कानशिलांवर आणले आणि कडाकडा बोटे मोडली. पुढच्या रांगेतल्या एका मडमेने वळून पाहिले. धुराची दृष्ट काढलेली तिने आधी कधी पाहिली नसावी. मी आप्पांकडे पाहिले. ते पुढे वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, आणि तो धूर पडद्यावरून जाईपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही.

परतीच्या एस.टी.त कोणी बोलत नव्हते. कोरेगाव भीमा गेले, शिक्रापूर आले. तेथे गाडी थांबली तेव्हा आप्पा, कोणाला उद्देशून नव्हे असे, म्हणाले, "तेल लई लागत आसंल."

"लागत आसंल," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी माझ्याकडून पोस्टकार्ड लिहून घेतले. माझे अक्षर दादांपेक्षा बरे, हे त्यांनी दिलेले कारण. ते कार्ड नानांनी जन्मभर जपले, म्हणून मजकूर मला जसाच्या तसा सांगता येतो. 'चि. नानास आशीर्वाद. सिनेमा पाहिला. झेंडा दुसऱ्याचा होता. धूर तुझा होता, असे दादा म्हणतो. तब्येतीस जपावे. रजा मिळाल्यास बेंदराला यावे.' नाना बेंदराला आले. बापलेक बैलांची शिंगे रंगवत बसले. झेंड्याचा विषय दोघांनीही काढला नाही, आणि आप्पा असेपर्यंत तो पुन्हा निघालाच नाही. पण १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि 'दिल्ली'ने दीववर तोफा डागल्याचे वर्तमानपत्रात आले, तेव्हा आप्पांनी तो अंक चार दिवस बंडीच्या खिशात बाळगला आणि भेटेल त्याला वाचायला लावला. नाना त्या वेळी दुसऱ्या बोटीवर बदलून गेले होते. हे आप्पांना सांगायचे धाडस आम्हा कोणालाच झाले नाही.

पुढे मी शिकलो, पुण्याला नोकरीला लागलो, आणि त्या सिनेमाविषयी कोठे काही छापून आले की वाचत गेलो. दोन गोष्टी सापडल्या, आणि दोन्ही झेंड्याच्याच. एक अशी की, अमेरिकन आरमाराने 'सेलम' दिली खरी, पण तिच्यावर नाझी झेंडा चढवू दिला नाही. ती दृश्ये दुसऱ्या, इंग्रज बोटीवर घ्यावी लागली. दुसरी अशी की, १९३९ च्या त्या खऱ्या लढाईत 'अकिलीज'ने आपल्या डोलकाठीवर न्यूझीलंडचा स्वतःचा झेंडा चढवला होता, आणि त्या झेंड्याखाली समुद्रात लढलेली ती पहिली बोट. तिच्यावरची चार माणसे त्या सकाळी मेली.

हे मी नानांना वाचून दाखवले तेव्हा ते पेन्शनीत आले होते, आप्पा जाऊन बरीच वर्षे झाली होती. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी पाहिला होता."

"काय?"

"झेंडा. त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर हवा खायला वर आलो होतो. ज्या झेंड्यापायी आप्पा येरवड्याला गेले तो माझ्या डोक्यावर फडकत होता."

"मग त्या रात्री सांगितलं का नाही?"

"काय सांगू? खोटं बोलवत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं. म्हणून म्हणालो, खाली काटा दिसतो." ते थोडे थांबले. "चित्रीकरण संपलं की तो उतरवायचे आणि आपला चढवायचे. लगेच. शिटी वाजवून, सलामी देऊन. मी तेही पाहिलं होतं. पण तेव्हा कॅमेरा बंद असे."

"हे तरी आप्पांना सांगायचं."

"त्यांनी विचारलं असतं, मधले दोन तास काय?" नाना म्हणाले.

'दिल्ली' १९७८ साली मोडीत काढली. काही वर्षांपूर्वी आमची एक भाची ऑकलंडला गेली होती. तिथे डेव्हनपोर्टच्या नौदल तळावर 'अकिलीज'च्या तोफांचा एक बुरूज जपून ठेवला आहे. भारत सरकारने तो न्यूझीलंडला भेट दिलेला. तिने मुद्दाम जाऊन फोटो काढला आणि माझ्या मोबाइलवर पाठवला. दिवाळी तोंडावर होती, आम्ही सारे गावाकडे जमलो होतो. नाना तेव्हा ऐंशीच्या बरेच पुढे गेलेले. मी फोटो मोठा करून त्यांच्यापुढे धरला. हिरवळ, स्वच्छ रंग दिलेला बुरूज, वर निळे आभाळ. नानांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"वरचंच ठेवलंय," ते म्हणाले. "आणि बॉयलर?"

"ते भंगारात गेले असतील, नाना."

त्यांनी मोबाइल माझ्याकडे परत दिला आणि परसाकडे पाहत म्हणाले, "गोवऱ्या वाळल्यात का बघ. परवा पहाटे बंब पेटवायचाय."